खुनी सापडेल सावकाश, आधी वही मिटा

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय, ते थोडक्यात देते. वय 63, बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त. लहानपण बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर गेलं. वाचनालयातून आणलेलं पुस्तक अर्ध्यावर मिटायचं, खुनी कोण ते मनाशी ठरवायचं आणि मगच पुढे वाचायचं, ही तेव्हापासूनची सवय. यंदा दिवाळीत मुलाने हॉलिवूडचे जुने, कृष्णधवल, विनोदी डिटेक्टिव्ह चित्रपट टीव्हीवर काढून दिले. सुरुवात 1934 सालच्या ‘द थिन मॅन’ने झाली. हे वही-पेन घेऊन बसले. नावं लिहिली, नात्यांचे बाण काढले, दर दोन मिनिटांनी चित्र थांबवून सबटायटल्स वाचली. दीड तासाचा चित्रपट तीन रात्री चालला आणि एवढं करून खुनी चुकला तो चुकलाच. पत्नी शेजारी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्या नावं लक्षात राहिली नाहीत, कोणी कोणाला मारलं तेही कळलं नाही, पण त्या मनसोक्त हसत होत्या. तिसऱ्या रात्री मात्र ‘तुमचा तपास झाला की हाक मारा’ म्हणून उठून आत गेल्या. वाचक विचारतात, काही न समजता माणसाला मजा कशी येते? नायक उठल्यापासून झोपेपर्यंत पितो, त्यावर हसायचं कसं? आणि हे चित्रपट बघायची काही रीत आहे, की हा नाद सोडून द्यावा?

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा जरा मोजमाप केलं. (तपासणी विभागाचा गुण लागला म्हणा.) चार पानांपैकी दीड पान संशयितांवर खर्च झालंय. वायनंट, मकॉली, जॉर्गनसन, मोरेली, ननहाइम, सगळ्यांची हजेरी लागली आहे. मद्यपानावर पाऊण पान आहे. पण वहिनी नेमक्या कशाला हसत होत्या, यावर एक ओळसुद्धा नाही. त्या हसल्या एवढीच नोंद आहे, आणि तीही आक्षेप म्हणून.

मला वाटतं, इथेच मेख आहे. ‘ती न समजता हसते’ हे तुम्ही गृहीत धरलंत. समजण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे खुनी कोण, असं मानलं तर तुमचं बरोबर आहे. पण हा चित्रपट ज्यांनी बनवला, त्यांनी तरी तसं मानलं होतं का?

मूळ कादंबरी डॅशिएल हॅमेटची. हा गृहस्थ लेखक होण्याआधी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत खरोखरीच नोकरीला होता, त्यामुळे तपास म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. कादंबरी 1934 च्या जानेवारीत आली आणि मे महिन्यात चित्रपट झळकलासुद्धा. पटकथा लिहिली अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सिस गुडरिच यांनी, आणि हे दोघे नवरा-बायको. दिग्दर्शक व्हॅन डाइकने त्यांना सांगितलं होतं की खुनाचं रहस्य पाठीमागे राहू दे, मला निक (हा कथेतला डिटेक्टिव्ह) आणि त्याची बायको नोरा यांच्यातली जुगलबंदी हवी आहे. म्हणजे खून ही भिंतीतली खुंटी, तिला टांगायचा आहे तो एका जोडप्याचा संसार. तुम्ही तीन रात्री खुंटीची मापं घेत होतात आणि वहिनी तिच्यावरचं पैठणीचं पोत बघत होत्या.

यावर तुम्ही म्हणाल, मग रहस्य घातलंच कशाला? थांबा, साक्षीपुरावा देते. शेवटी निक सगळ्या संशयितांना जेवायला बोलावतो. पोलीसच वेटरच्या कपड्यांत वाढायला उभे असतात. निक उभा राहून एकेकाचा हिशेब मांडायला लागतो. नोरा त्याला हळूच विचारते, हे खरं आहे का? तो म्हणतो, माहीत नाही. मग सांगतोयस कशाला? तर म्हणे, असं धरलं तरच सगळं जुळतं! तुमची वही चुकली म्हणून तुम्ही खट्टू झालात, पण पडद्यावरचा डिटेक्टिव्हसुद्धा अंदाजपंचेच चाललेला आहे. आणि कादंबरीचं शेवटचं वाक्य तर नोराच्या तोंडी आहे. निकने सगळा उलगडा केल्यावर ती म्हणते की असेलही, पण काही समाधान झालं नाही बाई. पिंकर्टनमध्ये काम केलेल्या माणसाने रहस्यकथेचा शेवट असा करावा, याला काय म्हणायचं!

‘बारीक माणूस नक्की कोण ते कळलं नाही’ असं तुम्ही वहीत लाल शाईने लिहिलंय. शीर्षकातला ‘थिन मॅन’ म्हणजे बेपत्ता झालेला संशोधक, वायनंट. नायक नव्हे. पण वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकांचाही हाच घोळ झाला. त्यांनी निकचं काम करणाऱ्या विल्यम पॉवेललाच थिन मॅन समजून टाकलं आणि स्टुडिओनेही ती चूक गोड मानून पुढच्या पाचही भागांना तेच नाव लावलं.

आता मला वहिनींची बाजू जरा जवळून दाखवू द्या. एक प्रसंग सांगते, तो पुन्हा लावून बघा. वायनंटची मुलगी डॉरोथी घाबरून निकच्या हॉटेलवर येते आणि रडत त्याला बिलगते. दार उघडून नोरा आत येते. आपल्याकडच्या (आणि त्यांच्याकडच्याही) शंभरातल्या नव्व्याण्णव चित्रपटांत इथे संशय, रुसवा, वीस मिनिटांचा गैरसमज ठरलेला. इथे काय होतं? निक त्या मुलीच्या खांद्यावरून बायकोकडे बघून तोंड वेंगाडतो. नोरा त्याच्याकडे बघून नाक मुरडते. झालं. एक शब्द नाही, पण या दोघांचा एकमेकांवर किती भरवसा आहे ते दोन सेकंदांत कळलं. तुम्ही त्या वेळी चित्र थांबवून डॉरोथी ही वायनंटच्या कितव्या बायकोची मुलगी ते लिहीत असाल, अशी मला दाट शंका आहे.

दुसरा प्रसंग टॅक्सीचा. तपासाच्या भानगडीत नोराला यायचंच असतं. (केस घे म्हणून नवऱ्याच्या मागे लागलेली तीच. तो तर निवृत्त आहे, तुमच्यासारखाच, आणि त्याला सुखाने बसून राहायचंय.) निक तिला टॅक्सीत बसवतो, ड्रायव्हरला ‘ग्रँट्स टूम’ला न्यायला सांगतो आणि स्वतः मागे राहतो. हे म्हणजे न्यूयॉर्कमधलं राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचं समाधिस्थळ. नंतर तो साळसूदपणे विचारतो, कशी वाटली समाधी? ती म्हणते, छान आहे, तुझ्यासाठी तशीच एक करायला टाकली आहे. हे वाक्य समजायला खुनी माहीत असावा लागत नाही, लग्नाची काही वर्षं गाठीशी असावी लागतात. वहिनींकडे ती आहेत. तुमच्याकडेही तितकीच आहेत हो.

सबटायटल्सबद्दल तुमची तक्रार मात्र मला मान्य आहे. यातले काही विनोद निव्वळ इंग्रजीच्या पोटातले आहेत, ते कितीही वेळा थांबवून वाचले तरी हाती लागत नाहीत. जेवणाच्या टेबलावर नोरा वेटरला ‘नट्स’ वाढायला सांगते आणि लगेच वाक्य दुरुस्त करते, कारण नट्स म्हणजे बदाम-अक्रोडही आणि वेडेही. तिच्या पहिल्या वाक्याचा अर्थ ‘या वेड्यांना वाढा’ असाही होतो. किंवा निकवर गोळी झाडली जाते, दुसऱ्या दिवशी पेपरांत भडक बातम्या येतात. नोरा सांगते, तुला टॅब्लॉइडमध्ये (म्हणजे अशाच भडक पेपरात) पाच गोळ्या लागल्याचं वाचलं. तो म्हणतो, खोटं आहे, माझ्या टॅब्लॉइडच्या आसपाससुद्धा गोळी आली नाही. टॅब्लॉइड हा जणू शरीराचाच एखादा भाग! हे असं समजावून सांगताना माझ्याच लक्षात येतंय की विनोदाचं पोस्टमॉर्टेम केलं की हाती फक्त अहवाल उरतो. असे विनोद सोडून द्या. दहातले चार निसटले तरी सहा पुष्कळ आहेत.

मी स्वतः हे चित्रपट पहिल्यांदा पाहिले ते नव्वदच्या दशकात, केबलवर. तुमच्याकडे केबल असेल तर आठवत असेल, दिवसभर कार्टून नेटवर्क चालायचं आणि रात्री त्याच चॅनेलवर जुने हॉलिवूड चित्रपट दाखवणारं टीएनटी सुरू व्हायचं. धाकटी भावंडं ‘टॉम अँड जेरी’ संपलं म्हणून भोकाड पसरायची आणि आम्ही मोठे चित्रपटाआधीचा एमजीएम स्टुडिओचा सिंह डरकाळी फोडायची वाट बघायचो. सबटायटल्स नव्हतीच. उच्चार डोक्यावरून जायचे. पहिल्या वेळेचं मला आठवतं ते एवढंच की एक ॲस्टा नावाचा केसाळ कुत्रा होता आणि शेवटी रेल्वेच्या डब्यात तो पंजाने डोळे झाकून घेतो. खुनी कोण होता ते मला पुढची दहा वर्षं माहीत नव्हतं, आणि काही अडलं नाही.

उलट पुढे मी तज्ज्ञ झाल्यावरच गडबड केली. बहिणीला कौतुकाने हाच चित्रपट दाखवायला बसले आणि प्रत्येक विनोदाआधी ‘आता बघ हं’ आणि नंतर ‘कळलं का?’ सुरू केलं. अर्ध्या तासाने ती म्हणाली, ‘ताई, तू जरा गप्प बस, पिक्चरला बोलू दे.’ तेव्हा चित्र थांबवणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, ती अशी अनुभवातून आलेली आहे.

मद्यपानाचं म्हणता, ते थोडं काळाच्या चौकटीत ठेवून बघा. अमेरिकेत 1920 पासून दारूबंदी होती. ती उठली 5 डिसेंबर 1933 ला, आणि चित्रपट आला त्यानंतर सहा महिन्यांच्या आत. जवळजवळ 14 वर्षं जी गोष्ट चोरून करावी लागली, ती भर हॉटेलात, झगझगीत दिव्यांखाली, चारचौघांत करणं हाच त्या प्रेक्षकांच्या लेखी केवढा तरी चावटपणा होता. म्हणून तर निकचं पहिलं दर्शन होतं तेच मुळी तो बारमधल्या लोकांना कॉकटेल कसं हलवायचं ते शिकवताना. मॅनहॅटन कॉकटेल फॉक्सट्रॉट नाचाच्या ठेक्यावर, मार्टिनी वॉल्ट्झच्या. शिवाय बाहेर महामंदी चाललेली. खिशात दमडी नसलेली माणसं थिएटरात येऊन या दोघांचं हॉटेलातलं बिनघोर आयुष्य बघत होती.

हे सगळं कळूनही तुम्हाला हसू आलं नाही, तर नका हसू. ज्या घरात दारूने वाताहत केलेली असते तिथे हे विनोद लागणारच नाहीत, आणि न लागणं ही काही रसिकतेतली खोट नव्हे. मलाही एक जागा खुपते. खोलीत पिस्तूलधारी शिरतो तेव्हा नोरा गोळीच्या वाटेतून बाजूला व्हावी म्हणून निक तिला ठोसा मारून पाडतो. तेव्हाचं थिएटर खदखदलं असेल, मी अजून तिथे आवंढा गिळते. त्या काळाच्या इतरही खोडी आहेत. चार्ली चॅन या चिनी डिटेक्टिव्हच्या चित्रपटांत प्रमुख भूमिका करणारा वॉर्नर ओलंड जन्माने स्वीडिश होता. नोरा होण्याआधी खुद्द मर्ना लॉयला अशाच ‘पौर्वात्य’ खलनायिकांच्या भूमिका देत असत. 1932 मध्ये तिने फू मांचू या चिनी खलनायकाची मुलगी केली होती, आणि ही बाई मोंटानाची! आवडतं ते आवडू द्यावं, टोचतं ते टोचू द्यावं. सगळ्याची बेरीज एकाच रकान्यात करायची नसते. बरं, पिण्याची कटकट अजिबातच नको असेल तर मालिकेतला 1945 चा ‘द थिन मॅन गोज होम’ आहे. त्यात निक आईवडिलांकडे जातो. वडिलांना दारूचा तिटकारा, म्हणून हा पठ्ठ्या सबंध चित्रपटभर सफरचंदाचा सायडर पितो. चित्रपट पहिल्याइतका चुरचुरीत नाही, पण सुनेची सासऱ्यांना खूश करायची धडपड तुमच्या घरात सगळ्यांना भाषांतराशिवाय कळेल.

आता रीत. तुमच्यासारखी रहस्यकथांवर पोसलेली बरीच मंडळी हे चित्रपट लावतात आणि याच खड्ड्यात पडतात, म्हणून सगळ्यांसाठीच सांगते. ‘द थिन मॅन’ काही दिवस बाजूला ठेवा आणि आधी बस्टर कीटनचा ‘शेरलॉक ज्युनियर’ लावा. 1924 चा, मूकपट, साधारण 45 मिनिटांचा. सबटायटल्सचा प्रश्नच मिटला, अधूनमधून इंग्रजी पाट्या येतात तेवढ्याच. सिनेमा थिएटरातला एक प्रोजेक्टरवाला ‘डिटेक्टिव्ह कसे व्हावे’ छापाचं पुस्तक वाचून तपास करायला निघतो. संशयिताचा अगदी जवळून पाठलाग करा असं पुस्तकात लिहिलेलं, म्हणून हा त्याच्या इतका जवळून चालतो की पावलाला पाऊल लागतं. पुढे काम करता करता त्याला झोप लागते आणि तो स्वप्नात पडद्यावरच्या चित्रपटात शिरून महान डिटेक्टिव्ह होतो. यातल्या कसरती खऱ्या आहेत. पाण्याच्या टाकीखालच्या एका प्रसंगात कीटनच्या मानेचं हाड मोडलं होतं आणि त्याला स्वतःला ते कळलं कित्येक वर्षांनी, एक्स-रे काढल्यावर.

तो प्रोजेक्टरवाला ज्या चोरीच्या मागे असतो, तिचा खरा छडा कोण लावतं माहितेय? त्याची मैत्रीण. ना पुस्तक, ना भिंग. सावकाराच्या दुकानात जाते, चार प्रश्न विचारते, दोन मिनिटांत मोकळी. हे मी रहस्य फोडलं असं समजू नका, चित्रपट स्वतःच ते अर्ध्यावर सांगून टाकतो. वही हातात घेण्याआधी हा प्रसंग वहिनींच्या शेजारी बसून बघा.

मग ‘द थिन मॅन’कडे परत या, आणि या खेपेला सलग बघा. थांबवायचं नाही. आता खुनी तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे पहारा करायचं कारण उरलं नाही. चेहरे बघा. सबटायटल वाचताना नजर पडद्याच्या तळाशी राहते आणि मर्ना लॉयचा निम्मा अभिनय भुवया आणि नाकात आहे. वाक्य गेलं तर जाऊ दे. ज्यांना इंग्रजी फारच जड जातं त्यांनी कथानक आधी कोणाकडून तरी सरळ ऐकून घ्यावं. कीर्तनाला आपण गोष्ट माहीत असूनच बसतो ना, तसं.

आणि खुनी ओळखायची खाज असेल (ती मलाही आहे) तर पुढच्या चित्रपटापासून असं करा. चित्र एकदाच थांबवायचं, बरोबर मध्यावर, चहाला. दोघांनी एकेका चिठ्ठीवर नाव लिहून ती बशीखाली ठेवायची. हरलेल्याने दुसऱ्या दिवशी भांडी. वहिनींना नावं आठवणार नाहीत, त्या ‘तो मिशीवाला’ असं लिहितील, तर ते ग्राह्य धरा. तुमच्या बाणांपेक्षा मिशीवाला जास्त वेळा बरोबर निघेल अशी मानसिक तयारी ठेवा, कारण अशा चित्रपटांत धागेदोरे पुष्कळदा तोंडदेखले असतात आणि नटाचा चेहरा मात्र काहीतरी सांगून जातो.

कोड्यावर जरा अधिक भर असलेलं हवं असेल तर 1932 चा ‘पेंग्विन पूल मर्डर’ तुम्हाला आवडावा. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात शाळेची सहल आलेली असते आणि पेंग्विनच्या हौदात प्रेत पडतं. तपासात नाक खुपसते ती सहलीबरोबर आलेली मास्तरीण, एडना मे ऑलिव्हर. इन्स्पेक्टरला ती वर्गातल्या मुलासारखी झापते. त्याच्या उलट टोकाला 1964 चा ‘अ शॉट इन द डार्क’. पीटर सेलर्सचा इन्स्पेक्टर क्लूझो, ज्याला समोरचा पुरावा सोडून बाकी सगळं दिसतं. इथे वही उघडलीत तर मात्र मी तुमचं पुढचं पत्र घेणार नाही.

वहिनींना आजच विचारा की त्या कुठे कुठे हसल्या. उलटतपासणीच्या सुरात नको. आणि ‘आफ्टर द थिन मॅन’ एकट्याने लावू नका. तो 1936 चा आहे, पण गोष्ट पहिला भाग संपतो तिथूनच पुढे सुरू होते. निक-नोरा न्यूयॉर्कहून रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोला घरी पोचतात तो दिवस 31 डिसेंबरचा असतो. तुम्हीही त्याच रात्री लावा. तेव्हा मटारही स्वस्त झालेले असतात, दोन किलो आणा, आणि या वेळी एक किलो तुम्ही सोला.